मुलवाड व्हीपीएन : आठ महिने वापरून झाल्यावर

मी अकाउंट्सची कामं करते, छोटे दुकानदार, दोन-तीन ट्रान्सपोर्टवाले असे क्लायंट आहेत, त्यामुळं महिन्यातले सात-आठ दिवस सांगली, तासगाव, विटा असं फिरणं आणि रात्री लॉजवर मुक्काम. लॅपटॉपमध्ये लोकांची पॅनकार्डं, आधारच्या कॉप्या, बँक स्टेटमेंटं, सगळं असतं. एका लॉजवर रिसेप्शनच्या काउंटरच्या काचेखाली वायफायच्या पासवर्डची चिठ्ठी होती, लॉजचं नाव आणि पुढं १२३४, शाई पार फिकट झालेली म्हणजे किती वर्षं तोच पासवर्ड चालू असेल बघा. रूमवर जाऊन कनेक्ट केलं आणि सहज फोल्डरच्या खिडकीत नेटवर्कवर क्लिक केलं तर चार लॅपटॉपची नावं समोर आली, त्यातल्या एकाचा फोल्डर सरळ उघडला आणि आत कुणाच्यातरी साखरपुड्याचे फोटो. मी लगेच बंद केलं. पण झोप लागेना, कारण मला त्यांचं दिसतंय तर माझं कुणाला दिसत असेल हा विचार डोक्यातनं जाईना.

तेव्हापासून व्हीपीएनच्या मागं लागले.

पहिल्यांदा अर्थातच फुकटची ॲप बघितली. आमच्या आबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या फोनमध्ये असलं एक आधीच होतं, कुणीतरी टाकून दिलेलं. उघडलं की आधी जाहिरात, मग कनेक्ट, मग परत जाहिरात. परवानग्या बघितल्या तर कॉन्टॅक्ट, लोकेशन, फोटो सगळं दिलेलं. मी विचारलं, "आबा, ह्याला कॉन्टॅक्टची परवानगी कशाला दिलीत?" तर म्हणाले, "पोरी, त्यानं मागितली म्हणून दिली." त्यांची काय चूक, मागितलं की देतो आपण सगळेच. पण व्हीपीएन म्हणजे काय तर आपलं सगळं इंटरनेट आधी त्या कंपनीच्या सर्व्हरवर जाणार आणि तिथनं पुढं, म्हणजे लॉजवाल्याला किंवा ब्रॉडबँडवाल्याला जे दिसत होतं ते आता ह्या कंपनीला दिसणार. फक्त बघणारा बदलतो. मग तो बघणारा कोण आहे हे नको का बघायला? २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी अँड्रॉइडवरची २८३ व्हीपीएन ॲप तपासली होती, त्यातली १८ टक्के तर ट्रॅफिक एन्क्रिप्टच, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येणार नाही असं कुलूपबंदच, करत नव्हती. नावाला व्हीपीएन.

म्हणून मी एकच गोष्ट लावून धरली, की जी कंपनी माझ्याबद्दल सगळ्यात कमी माहिती ठेवते ती घ्यायची. शोधत शोधत मुलवाडपर्यंत पोचले. स्वीडनची कंपनी, २००९ पासून आहे, नावाचा अर्थ जमिनीखाली बीळ करणारा प्राणी, लोगोत तोच पिवळं हेल्मेट घालून बसलाय.

अकाउंट काढताना मी ईमेल टाईप करायच्या तयारीत होते तर ईमेलची जागाच नाही. नाव नाही, मोबाईल नाही, ओटीपी नाही. एक बटण दाबलं आणि १६ आकडी नंबर आला, बास, तेच तुमचं अकाउंट. आपल्याकडं साधा शर्ट घ्यायला गेलं तरी काउंटरवर मोबाईल नंबर विचारतात, त्यामुळं मला ते खूपच भावलं. नंबर मात्र नीट जपायचा. मी तो कपाटातल्या डायरीत लिहून ठेवलाय, फोनमध्ये फोटो काढून ठेवू नका.

पैसे महिन्याला ५ युरो, म्हणजे ५०० रुपयांच्या आसपास पडतात. वर्षाचे घेतले म्हणून डिस्काउंट नाही, "ऑफर संपायला दोन तास उरले" असली घाई नाही. आपोआप पैसे कापले जाण्याचा प्रकारही त्यांनी २०२२ मध्ये बंद केला, कारण सबस्क्रिप्शन म्हटलं की गिऱ्हाइकाचा हिशोब साठवायला लागतो आणि तेवढाही त्यांना नकोय. कार्डानं भरताना बँकेच्या ॲपमध्ये इंटरनॅशनल व्यवहार चालू करून घ्या, झालं की परत बंद करा. पाकिटात नोटा घालून पोस्टानं पाठवायची पण सोय आहे, मी कार्डानंच भरते.

आता आम्ही काही साठवत नाही असं तर सगळेच म्हणतात. पण एप्रिल २०२३ मध्ये स्वीडनचे पोलीस वॉरंट घेऊन ह्यांच्या योतेबोरीच्या ऑफिसात आले होते, गिऱ्हाइकांचा डेटा असलेले कॉम्प्युटर न्यायला, आणि असा डेटाच नाही हे कळल्यावर हात हलवत परत गेले. मला जाहिरातीपेक्षा हे जास्त पटलं.

आपल्याकडं उलटंय. सर्ट-इननं, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा बघणाऱ्या संस्थेनं, २८ एप्रिल २०२२ ला आदेश काढला की व्हीपीएन कंपन्यांनी गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, फोन, ईमेल, दिलेला आयपी (म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता) हे सगळं किमान ५ वर्षं ठेवायचं, तो सप्टेंबर २०२२ पासून लागू झाला, आणि एक्सप्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क, प्रोटॉन सगळ्यांनी भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले. मुलवाडचाही भारतात सर्व्हर नाही. मी सिंगापूर लावते. घरी १०० ची लाईन आहे त्यावर ८० च्या पुढंमागं मिळतं, व्हिडिओ कॉल नीट चालतो, लॉजवर मुळातच वायफाय रडत असेल तर व्हीपीएन काय करणार. (व्हीपीएन वापरणं हा आपल्याकडं गुन्हा नाही, पण जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत वेळोवेळी बंदीचे आदेश निघालेत, तिकडं जाणार असाल तर आधी चौकशी करा.)

वापरायला अगदी सोपं. नकाशा, खाली कनेक्टचं बटण, जोडलं गेलं की हिरवं. विंडोजवर ह्यांच्या ॲपमधलं लोकल नेटवर्क शेअरिंगचं सेटिंग मुळातच बंद असतं, म्हणजे लॉजवरचे बाकीचे लॅपटॉप आणि माझा लॅपटॉप ह्यांचा संबंधच संपला, माझी मूळ भीती हीच होती. घरी प्रिंटर वायफायवर असेल तर मात्र ते सेटिंग चालू केल्याशिवाय प्रिंट येणार नाही. जाहिराती आणि ट्रॅकर अडवायचं पण एक सेटिंग आहे, ते आठवणीनं लावा. आणि लॉजच्या वायफायला लॉगिनचं पान येत असेल तर आधी व्हीपीएन बंद ठेवून ते भरा मग चालू करा, नाहीतर ते पान येतच नाही आणि आपण उगाच राऊटरला शिव्या देत बसतो.

अडचण कुठं येते तर आपल्या इथल्या साईटवर. परदेशातला आयपी दिसला की माझ्या एका बँकेचं ॲप उघडतच नाही आणि रिटर्न भरायचं एक पोर्टल नुसतं गोल गोल फिरत राहतं. रिटर्नची शेवटची तारीख, रात्रीचे साडेदहा, आणि मी अर्धा तास समजत होते की पोर्टलच पडलंय. मग फोनवर स्प्लिट टनेलिंग, म्हणजे कुठली ॲप व्हीपीएनशिवाय चालवायची ते ठरवायचं सेटिंग, त्यात जाऊन बँकेची ॲप व्हीपीएनच्या बाहेर काढली. बाहेरगावी असले की आता असं करते, पोर्टल आणि बँक स्वतःच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, मेल, ड्राईव्ह आणि बाकी सगळं लॉजच्या वायफायवर पण व्हीपीएन लावून.

परदेशातल्या सिरियल-पिक्चर बघायला म्हणून घेणार असाल तर हे घेऊ नका, ह्यांचं लक्ष तिकडं नाही. लाईव्ह चॅट पण नाही, मदत ईमेलवर. ५०० रुपये महिन्याला जड वाटत असतील तर प्रोटॉनचं फुकटचं बघा, त्याला डेटाची मर्यादा नाही, ॲपचा कोड सगळ्यांना बघायला उघडा आहे, फक्त देश आपल्याला निवडता येत नाही. बाहेर फारसं फिरत नसाल, सगळं घरच्या वायफायवर चालत असेल तर खरं सांगू, पैसे घालवायची गरजच नाही. साईटच्या पत्त्यात एचटीटीपीएस असेल तर आतला मजकूर तसाही एन्क्रिप्ट असतो, मधल्याला फक्त तुम्ही कुठल्या साईटवर गेलात तेवढं कळतं.

आबांना वाटलं आता फसवणुकीचे फोन पण बंद होणार. त्यांना समोर बसवून सांगितलं की आबा, तुम्ही स्वतः ओटीपी वाचून दाखवलात किंवा कुणी पोलीस म्हणून व्हिडिओ कॉलवर धमकावलं आणि तुम्ही पैसे पाठवलेत तर ह्यातलं काहीच आडवं येणार नाही, तेव्हा फोन ठेवायचा आणि मला हाक मारायची, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन. फोनच्या मागं तो नंबर स्केचपेननं लिहून चिकटवलाय.

एका अकाउंटवर ५ डिव्हाईस चालतात. माझा लॅपटॉप, माझा फोन, ह्यांचा फोन, आबांचा फोन, अजून एक जागा शिल्लक आहे, ती लेकीला पुढच्या महिन्यात हॉस्टेलला जाताना देणारेय.