मिरजेचा तंबोरा, ताळगावची खोली : दहा महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या मे महिन्यात मी मिरजेहून तंबोरा आणला आणि जूनमध्ये तो घेऊनच पणजीला शिकायला आले. पदव्युत्तर संगीताचं पहिलं वर्ष आता संपत आलं आहे. पुढच्या वर्षी प्रवेश घेऊ पाहणाऱ्या तीन मुलींनी गेल्या आठवड्यात मला एकच प्रश्न विचारला : खोलीवर खरा तंबोरा ठेवावा, की मोबाइलवरच्या ॲपवर भागतं? फोनवर धड सांगता आलं नाही म्हणून सविस्तर लिहिते. उत्तर आधीच देऊन टाकते. ठेवा. पण गोव्याच्या पावसात त्याच्यासाठी काय काय करावं लागतं ते आधी वाचा.

आमचं घर सत्तरी तालुक्यातल्या केरीला. (कॉलेजात पहिल्याच दिवशी दोघांनी विचारलं, "म्हणजे केसरबाईंच्या केरीची?" गायिका केसरबाई केरकरांचं केरी फोंड्यातलं. आमचं चोर्ला घाटाच्या पायथ्याचं.) त्या वर्षीच्या काजूचे पैसे हातात आले तसे बाबा म्हणाले, चल. घाट चढून बेळगाव आणि तिथून रेल्वेने मिरज. सतारमेकरांच्या दुकानात छताला भोपळे टांगलेले होते. हे भोपळे मंगळवेढ्याच्या बाजूचे, जाड सालीचे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कात्रण भिंतीवर चिकटवलेलं होतं. मी दुपारभर सहा तंबोरे ऐकले आणि काळी चार पट्टीचा, चार तारांचा, साध्या नक्षीचा एक निवडला. गवसणीसकट २७ हजार पडले. येताना बाबांनी भोपळ्याभोवती आईचं जुनं नऊवारी गुंडाळलं आणि बेळगावपर्यंत तंबोरा मांडीवरून खाली ठेवला नाही.

त्याआधी सात वर्षं माझा रियाज तंबोऱ्यासारखा सूर देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीवर चालायचा, शेवटी शेवटी मोबाइलवर. त्यांना मी नावं ठेवणार नाही. पेटी नसती तर केरीसारख्या गावात माझं गाणं बारावीतच थांबलं असतं. मास्तरांच्या घरी तंबोरा होता, पण तो ते स्वतः जुळवून आमच्या हातात द्यायचे. म्हणजे पदवी हातात पडेपर्यंत मी तंबोरा कधी स्वतः जुळवलेलाच नव्हता. ही गोष्ट पणजीत आल्यावर उघडी पडली.

पणजीला लागून असलेल्या ताळगावात मला घरमालकीण आंटीच्या घराची मागची खोली मिळाली. सोबत विद्यापीठात रसायनशास्त्र शिकणारी एक मुलगी, मडगावची. पहिले तीन आठवडे फार कठीण गेले. घरी पहाटे पाचला आ लावला की शेजारचे म्हणायचे, चला, उठायची वेळ झाली. इथे खोलीत दुसरं माणूस झोपलेलं, भिंतीपलीकडे आंटी. मी कानात इयरफोन घालून ॲप लावायचे आणि ओठातल्या ओठात गायचे. गळा बसत चालला होता. वर्गात बाकीच्यांची तयारी ऐकून रात्री झोप लागत नसे. कुणी नाट्यसंगीताच्या घरातलं, कुणी लहानपणापासून देवळातल्या भजनात पेटी वाजवत आलेलं, एक मुलगा तर चर्चच्या गायनवृंदातून आलेला आणि स्वरलिपी वर्तमानपत्रासारखी वाचणारा. तंबोरा कोपऱ्यात गवसणीत उभा होता. मी जुळवायला बसले की पाऊण तास जायचा आणि हाती काही लागायचं नाही.

मग एका सकाळी बाईंनी वर्गात मला पुढे बसवलं आणि कॉलेजचा तंबोरा हातात दिला. म्हणाल्या, "जुळव. आज दुसरं काही करायचं नाही." बाहेर आषाढाचा पाऊस. मी आधी जोडीच्या, म्हणजे मधल्या षड्जाच्या दोन तारा मिळवल्या. बाई म्हणाल्या, "मिळाल्या असं तुला वाटतंय. अजून लाटा येतायत." खरंच, दोन तारांमध्ये काहीतरी हळूहळू हेलकावत होतं. मी तारेवरचा बारीक जुळणीचा मणी केसभर सरकवला. हेलकावा लांबला, आणखी लांबला, मग थांबला आणि दोन तारांची एकच तार झाली. मग खर्ज, म्हणजे खालच्या षड्जाची तार. मग पंचम. त्यानंतर बाईंनी जवारीचा, म्हणजे तारेचा झणकार खुलवणारा दोरा नखाने घोडीवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) किंचित पुढे ढकलला आणि तंबोरा एकदम उघडला. "आता खर्ज छेड आणि तो विरत जातो तिकडे कान दे. गंधार येईल. तो ऐकू आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही."

चारही तारांत गंधार कुठेच लावलेला नाही, तरी तो आला. आधी मला भास वाटला. मग खर्ज छेडला की दरवेळी, सगळ्यांच्या वरून, बारीक आणि स्वच्छ. स्वयंभू गंधार परीक्षेत मी तीनदा लिहिला होता, पूर्ण गुण मिळवून. ऐकला तो त्या दिवशी.

त्यामागचं शास्त्र इथे सांगते, कारण ॲप आणि तंबोरा यांतला फरक कळायला ते लागतं. कुठल्याही तारेत मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर असतात. पाचपट कंपनांचा जो उपस्वर, तो म्हणजे दोन सप्तकं वरचा गंधार. साध्या तारेत तो दबलेला असतो. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा सपाटही नसतो आणि धारदारही नसतो, त्याला अगदी हलका उतार असतो. तार कंप पावताना त्या उताराला पुन्हा पुन्हा स्पर्श करते आणि उपस्वरांना बळ मिळत राहतं. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणा यांवर निबंध लिहिला, त्यात हेच दाखवलं की तार जिथे छेडली तिथल्या नियमाप्रमाणे जे उपस्वर निघायलाच नकोत, तेही तंबोऱ्यात खणखणीत ऐकू येतात. आता हा गंधार आणि हार्मोनियमचा गंधार एक नव्हे. दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे १०० भाग केले तर हार्मोनियमचा गंधार तंबोऱ्याच्या गंधारापेक्षा सुमारे १४ भाग चढा असतो. माझा भूप रागातला गंधार सात वर्षं त्या चढ्या गंधारावर बसलेला होता. बाई "चढतोयस, चढतोयस" म्हणायच्या आणि मला कळतच नसे काय चढतंय. तंबोऱ्यासमोर ते महिन्याभरात उतरलं. चांगल्या ॲपमध्ये खऱ्या तंबोऱ्याचं ध्वनिमुद्रण असतं, त्यातही हा गंधार असतो, हे मान्य. पण तो तयार मिळतो. तो काढायची वेळ तुमच्यावर येत नाही आणि म्हणून कान तिथवर पोहोचत नाही.

त्या दिवसापासून मी खोलीत रोज सकाळी तंबोरा जुळवायला लागले. जुलैत चाळीस मिनिटं लागायची, चवथीपर्यंत (म्हणजे गणेशचतुर्थीपर्यंत) वीस आणि आता आठ-दहा. त्या वेळात मी गात नाही, त्यामुळे संकोचही नसतो. जुळला की मात्र न गाता उठवत नाही. मी मोठ्याने गायला लागले ती अशी. ऑगस्टमध्ये दोन दिवस ताप होता तेव्हा आंटी दारात पेज घेऊन आली आणि म्हणाली, "आयज तुजो सा खंय गेलो गे?" (आज तुझा सा कुठे गेला गं?) तेव्हा मला कळलं की भिंतीपलीकडे कुणीतरी रोज ऐकतंय. त्या शब्दांनी मी त्या घरातली झाले.

आता पाऊस. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि तंबोरा म्हणजे शेवटी वाळवलेला भोपळा, लाकूड आणि सरस. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात खुंट्या फुगून अशा घट्ट बसल्या की पंचमाची तार उतरवताना मनगट दुखावलं. पोलादाच्या तारांवर तांबूस ठिपके आले. भोपळ्याच्या मागच्या बाजूला पांढरी बुरशी धरली. ती दिसली त्या रात्री मी रडले. काजूचे पैसे, बाबांची मांडी, सगळं डोळ्यांसमोर आलं.

वाचवलं ते माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने. तिने सिलिका जेलचे निळे दाणे आणले, मलमलीच्या तीन पुरचुंड्या करून गवसणीत ठेवायला सांगितल्या. दाणे हवेतला ओलावा पीत जातात आणि निळ्याचे गुलाबी होतात. गुलाबी झाले की भाजून पुन्हा निळे करायचे. आमच्याकडे जुलैत ते चार दिवसांत गुलाबी व्हायचे. या निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, म्हणून स्वयंपाकाच्या भांड्यात भाजू नका. आम्ही एक जुना तवा खास त्यासाठी वेगळा ठेवलाय. बाकीचं मी शिकत गेले : रियाज झाला की प्रत्येक तार कोरड्या सुती फडक्याने घोडीपासून खुंटीपर्यंत पुसायची. खोबरेल लावू नये. मी एकदा लावलं आणि धूळ बसून आवाज मेला. तंबोरा भिंतीला टेकवू नये, पावसाळ्यात भिंत पाझरते. जानेवारीत उलटा त्रास होतो, हवा कोरडी झाली की खुंट्या घसरायला लागतात. मग खुंटी काढून खडू चोळायचा. तारांचा एक जादा संच आधीच घेऊन ठेवा, माझा खर्ज नेमका अंतर्गत परीक्षेच्या आदल्या रात्री तुटला होता.

एक चूक मात्र महागात पडली. सप्टेंबरमध्ये जवारी बसली, आवाज खोक्यासारखा येऊ लागला. मिरजेला जायला सुट्टी नव्हती, म्हणून जवळच्या एका दुरुस्ती करणाऱ्याकडे दिला. त्याने अर्ध्या तासात कानस मारून परत दिला. जवारी काढणं म्हणजे प्रत्येक तारेखाली घोडी वेगळी घासून, पुन्हा पुन्हा तार चढवून ऐकणं. त्याने एकदाही तार चढवून ऐकली नव्हती. जोडीतली एक तार तेव्हापासून दुसरीपेक्षा बंद वाजते, दोरा कितीही सरकवला तरी. सातशे रुपये गेले त्याचं काही नाही, घोडीचं घासलं गेलेलं परत येत नाही याचं वाईट वाटतं. जवारीला हात लावणारा माणूस आधी ऐकतो की नाही ते बघा. न ऐकता कानस उचलणाऱ्याकडून तंबोरा परत घेऊन या.

मला सर्वांत जास्त मिळालं ते मात्र साथीला बसण्यातून. खोलीवर तंबोरा असलेली, रोज जुळवणारी मुलगी म्हणून वरच्या वर्गातल्या ताई मला कार्यक्रमांत मागे बसायला बोलवू लागल्या. पहिल्या वेळी दीड तास बसले. पंचम मधल्या बोटाने, बाकीच्या तीन तारा तर्जनीने, न थांबता. चाळीस मिनिटांनी बोटाला फोड आला. त्याहून अवघड म्हणजे तबल्याच्या लयीत हात ओढला जाऊ न देणं. द्रुत चालू झाली की हात आपोआप घाईला येतो, आणि तंबोरा घाईला आला की गाणाऱ्याचं बस्तान हलतं. गाणाऱ्याच्या पाठीमागून गाणं ऐकू येतं ते समोरून कधीच येत नाही. श्वास कुठे घेतला, समेला येण्याआधी खांदा कसा सैल सोडला, हे तिथून दिसतं. त्यानंतर मी कला अकादमीत कार्यक्रमाला गेले की आधी मागचे दोन तंबोरे बघते. मालकंस आहे म्हणजे पहिली तार मध्यमाला उतरवलेली असणार, मारवा असेल तर निषादाला चढवलेली, म्हणून रागाचं नाव सांगण्याआधीच आता अंदाज येतो.

चवथीला तंबोरा घरी नेला. बसमध्ये तो माणसाइतकी जागा घेतो, म्हणून मी सरळ दोन तिकिटं काढते, मग कंडक्टर काही बोलत नाही. तारा थोड्या उतरवून न्याव्यात, हादऱ्याने घोडी पडते. आमच्याकडे आरतीला घुमट आणि शामेळ ही चर्मवाद्यं वाजायला लागली की तंबोरा ऐकूही येत नाही. पण आरत्या आटोपल्यावर, माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या मांडवाखाली) समई तेवत असताना, मी मालकंस गायले. बाबा पहिल्यांदा पूर्ण वेळ बसले.

कुणी घेऊ नये? ज्यांना सहा जणींच्या खोलीत राहायचं आहे, ज्यांची खोली सारखी बदलते, किंवा रोज दोन तास प्रवास आहे, त्यांनी पहिलं वर्ष कॉलेजच्या तंबोऱ्यावर काढावं आणि तो स्वतः जुळवायचा हट्ट धरावा. ॲप मीही ठेवलंय. बसमध्ये पलटे म्हणायला आणि रात्री दहानंतर हळू आवाजात बंदिश पाठ करायला ते उत्तम. पण मोबाइल विमानप्रवासाच्या मोडवर टाका. ऐन आलापात फोन वाजला की षड्ज तुटतो, आणि घरून आलेल्या फोनवर राग धरता येत नाही.

परीक्षा संपली की तंबोरा घेऊन घाटाने बेळगाव आणि मिरज. नवी घोडी बसवून घ्यायची आहे, त्यासाठी तिथे दोन दिवस राहणार आहोत. खोलीतली मैत्रीण सोबत येते म्हणाली, तिला घोडीचा उतार स्वतः बघायचा आहे. आईचं नऊवारी आंटीने काल धुऊन, कडक वाळवून, घडी करून गवसणीवर आणून ठेवलंय.