कर्जबाजारी कबाड्याचे अंतराळ : ‘हार्डस्पेस: शिपब्रेकर’

मे महिन्यातल्या नागपुरात दुपारी घराबाहेर पडण्यात शहाणपण नसते, त्यामुळे गेला महिनाभर कूलरसमोर बसून मी निकामी अवकाशयाने फोडतो आहे. ‘हार्डस्पेस: शिपब्रेकर’ हा गेम कॅनडातील ब्लॅकबर्ड इंटरॅक्टिव्हने तयार केला असून, २०२० साली अपूर्णावस्थेत विक्रीस आलेला हा गेम मे २०२२ मध्ये पूर्ण झाला.

अंतराळावरच्या बहुतेक गेममध्ये यान मिळते ते उडवण्यासाठी किंवा लढवण्यासाठी. येथे ते मोडीत काढायचे असते. खेळाडू हा लिंक्स नावाच्या कंपनीचा कामगार असतो, कामावर रुजू होण्याआधीच त्याच्या डोक्यावर एक अब्जाहून अधिक क्रेडिट्सचे कर्ज असते, आणि हत्यारांचे भाडेही रोज त्याच्याच खात्यावर पडते. काढलेला माल योग्य जागी गेला पाहिजे : ॲल्युमिनियम भट्टीत, नॅनोकार्बनचे पत्रे प्रोसेसर नावाच्या यंत्रात, आणि खुर्च्या, संगणक यांसारख्या धड वस्तू बार्जवर, म्हणजे माल गोळा करणाऱ्या तराफ्यावर. तांब्या-पितळेची रास वेगळी लावणारा आपल्याकडचा कबाडी हे काम तासाभरात शिकेल.

मला मात्र वेळ लागला. एअरलॉकमधून, म्हणजे यानाच्या हवाबंद दुहेरी दारातून, आत शिरून केबिनमधली हवा आधी काढून टाकायची, हे ठाऊक असूनही एकदा घाईने मी बाहेरूनच पत्रा कापला आणि कोंडलेल्या हवेच्या झोताने आतले सामान माझ्या अंगावर आले. भारहीन अवस्थेत वस्तूंचे वजन जाणवत नाही, पण त्यांचे वस्तुमान कुठेही जात नाही. ग्रॅपलने, म्हणजे वस्तू दुरून पकडणाऱ्या हत्याराने, ओढलेला अजस्र पत्रा एकदा निघाला की तो आपल्यासाठी थांबत नाही. पिवळ्या जोडांवर कटरचा लेझर धरावा, जोड वितळावा आणि यानाची अख्खी बाजू आवाज न करता सुटी होऊन तरंगू लागावी, या एका क्षणासाठी मी हा गेम पुन्हा पुन्हा उघडतो. यानाला ऊर्जा पुरवणारा रिॲक्टर उपसताना तेच हात थरथरतात, कारण जागेवरून निघताच तो वितळू लागतो आणि स्फोटापूर्वी त्याला बार्जपर्यंत पोहोचवावे लागते.

पंधरा मिनिटांच्या पाळीचा जाच नको असेल, तर वेळेचे बंधन नसलेला पर्याय आहे. मी तोच निवडला आणि तोच सुचवेन. कामगार संघटना उभारण्याचे कथानक विषयाला साजेसे आहे, परंतु पात्रे इतकी लांबण लावतात की कटर हातात घ्यायला मन आसुसते. यानांचे प्रकारही मोजकेच असल्याने मॅकरेल, गेको वगैरेंची अंतर्रचना लवकरच पाठ होते आणि पुढच्या टप्प्यांत थोडा कंटाळा येतो.

शेजारी बसून पाहणाऱ्या भाच्याने विचारले, “मामा, यात मारायचं कोणाले?” कोणालाच नाही, असे सांगून मी कटर त्याच्या हाती दिला. पहिल्याच पाळीत त्याने भरलेली इंधनाची नळी कापली.