350 एनएमच्या जीपला कोणता मॅन्युअल गिअरबॉक्स? पावसाळा, हिवाळा, उन्हाळा वापरून झाल्यावर लिहितोय

राजेहो, बरेच जण विचारून राहिले की जीपमध्ये शेवटी कोणता गिअरबॉक्स बसवला आणि टिकला का, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. टिकला. पण "कोणता" यापेक्षा "काहून तोच" हे समजून घ्या, कारण तुमची गाडी वेगळी असणार.

गाडी म्हणजे लांब चॅसिसची जुनी जीप, मागच्या चाकाची, फोर बाय फोर नाही. इंजिन तिचं मूळचं नाही, मागच्या मालकानेच स्कॉर्पिओचं 2.2 एमहॉक डिझेल इंजिन टाकलं होतं (आरसीवर नोंद आहे, ते पाहूनच घेतली). कंपनी हे इंजिन 120 हॉर्सपॉवर आणि 290 एनएमला (टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, या मापात मोजतात) देत होती, त्यावर मॅप मारलेला आहे, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून जोर वाढवलेला, तर साडेतीनशे एनएमच्या आसपास धरून चाला. आणि मागे होता तोच जुना चार गिअरचा बॉक्स, जो याच्या जेमतेम अर्ध्या टॉर्कसाठी बनलेला. त्याने तेवढे दिवस काढले हेच खूप झालं. तिसऱ्या गिअरचे दात गेले, तेही समुद्रपूरच्या रस्त्यावर भर दुपारी, बाकीचं अंतर चौथ्यात कुथत आलो.

आता पहिला मुद्दा, जो गावाकडे काय आणि शहरात काय, सगळे चुकीचा पकडतात. गिअरबॉक्स हॉर्सपॉवरने तुटत नाही, टॉर्कने तुटतो. हिशोब सोपा आहे, एनएम गुणिले आरपीएम, भागिले 7023, की हॉर्सपॉवर आली (मेट्रिकवाली, पीएस). म्हणजे एखादी पेट्रोल गाडी 7000 आरपीएमला 200 हॉर्सपॉवर देत असेल तर त्या क्षणी तिचा टॉर्क फक्त 200 एनएम असतो. आणि माझं डिझेल 2000 आरपीएमला साडेतीनशे एनएम लावतं तेव्हा हॉर्सपॉवर शंभरच भरते. कागदावर ती पेट्रोल गाडी दुप्पट, पण दातांवर वजन माझ्या जीपचं जास्त. म्हणून कोणी "दोनशे हॉर्सपॉवर झेलतो" म्हणून बॉक्स विकत असला तर त्याला एनएम विचारा, नाही सांगता आला तर पुढच्या दुकानात जा. फोक्सवॅगनवाले याबाबतीत बरे, त्यांच्या बॉक्सच्या नावातच लिहिलेलं असतं, एमक्यू200, एमक्यू250, एमक्यू350, तो आकडा म्हणजे साधारण तितके एनएम.

सुरुवातीला माझ्या डोक्यात अमेरिकन भूत होतं, खोटं कायले बोलू. रात्री जेवण झालं की मोबाईलवर तिकडचे व्हिडिओ. ट्रेमेक कंपनीचा टीकेएक्स, पाच गिअरचा, 600 पाउंड-फूट रेटिंग म्हणजे आपले 813 एनएम. त्याहून मोठा सहा गिअरचा मॅग्नम, 700 पाउंड-फूट, साडेनऊशे एनएमच्या घरात. त्या मॅग्नमचा पूर्वज टी-56, जो 1992 च्या डॉज वायपरमध्ये पहिल्यांदा आला. तिकडे लोक पहिल्या गिअरच्या रेशोवरून भांडतात, टीकेएक्स 3.27 चा घ्यायचा की 2.87 चा, आणि त्यात खरंच तथ्य आहे. पहिला गिअर जितका लहान, म्हणजे रेशोचा आकडा जितका मोठा, तितका इंजिनाचा टॉर्क वाढवून मागे पाठवतो, सुटताना गाडी उडी मारते पण प्रोपेलर शाफ्ट, त्याच्या टोकाचे क्रॉस (सांधे), मागच्या ॲक्सलमधले क्राउन-पिनियन गिअर, सगळ्यांचा जीव जातो. मागे ॲक्सलचा रेशो आधीच जड असेल, जसा जुन्या जीपला असतो, तर थोडा लांब पहिला गिअरच बरा.

पण ते पेटारं इकडे आणून करणार काय. कस्टम, भाडं, मग आपल्या इंजिनाला बसेल असं बेल हाउसिंग (इंजिन आणि बॉक्स जोडणारं कवच) कोणीतरी बनवायचं, क्लच प्लेटचे स्प्लाइन (शाफ्टवर बसणाऱ्या खाचा) वेगळे, गाडीच्या तळाचं टनेल कापायचं, आणि एवढं करून एक सिंक्रो रिंग (गिअर टाकताना वेग जुळवणारी पितळी रिंग) गेली की गाडी महिनाभर कोठ्यात उभी. हिंगणघाटात तिचा पार्ट मिळणार नाही, नागपुरातही नाही. साडेतीनशे एनएमला आठशेचा बॉक्स लावला तर तो वजनाला जड, गिअर टाकायला जड, आणि फायदा शून्य. इंजिनाच्या दीडपट क्षमता असली तरी डोक्यावरून पाणी.

मग आपल्याकडचेच पाहिले. फॉर्च्युनर 3.0 चा पाच गिअरचा बॉक्स, ते इंजिन कंपनीतूनच 343 एनएमचं, म्हणजे मला अगदी नेमका. जवळजवळ घेतलाच होता, पण माझ्या इंजिनाला जोडायला मधे अडॅप्टर प्लेट लागते आणि चांगल्या अवस्थेतला बॉक्स कबाडीत आला की त्याचा भाव ऐकून माणूस चहा न पिता परत येतो. सफारी स्टॉर्मचा 400 एनएमवाला सहा गिअरचाही डोक्यात होता, ताकदीला प्रश्नच नाही, पण तिथेही अडॅप्टर. अडॅप्टर प्लेट वाईट नसते हो, पण ती बनवणारा लेथवाला एक-दोन सूत इकडेतिकडे गेला की इनपुट शाफ्ट क्रँकच्या रेषेत राहत नाही आणि मग नवाकोरा बॉक्सही बेअरिंग खातो. म्हणून शेवटी स्कॉर्पिओ एमहॉकचाच पाच गिअरचा घेतला. इंजिन त्याच घरचं, बेल हाउसिंगचे बोल्ट सरळ बसतात, आणि क्लच प्लेटपासून सिंक्रोपर्यंत सगळं तालुक्याच्या ठिकाणी मिळतं. 290 एनएमच्या गाडीत लाखो किलोमीटर चाललेला बॉक्स आहे, साडेतीनशे म्हणजे त्याच्या वर आहे हे मला मान्य, तो कसा सांभाळतो ते पुढे.

कबाडीत बॉक्स घेताना काय पाहायचं ते नीट सांगतो, यातच खरी मेख आहे. बाहेरून धुतलेल्या, पेंट मारलेल्या बॉक्सला भुलू नका. ड्रेन प्लग आधी उघडायला लावा. प्लगवर करडी मऊ लापशी असेल तर ठीक, ती प्रत्येक बॉक्सला असते, पण बोटाला टोचणारा चुरा किंवा दाताचा तुकडा लागला तर खाली ठेवून द्या. तेलात पितळेची चमक दिसली म्हणजे सिंक्रो रिंगा घासल्या, त्या बदलता येतात, भाव पाडा. तेल चहासारखं दुधाळ झालेलं असेल तर पुराच्या पाण्यात बसलेली गाडी. मग इनपुट शाफ्ट हाताने वर-खाली हलवून पाहा, नंतर प्रत्येक गिअर टाकून फिरवून पाहा, कुठे अडकतो का, कुठे कच् करतो का. कव्हर उघडू दिलं तर गिअरच्या बाजूचे जे बारीक टोकदार दात असतात, ज्यावर स्लीव्ह सरकते, त्यांची टोकं पाहा. टोकं गोल झालेली असतील तर तो गिअर उद्या चढावर आपोआप बाहेर येणार. मला मिळाला त्यात दुसऱ्याच्या रिंगा गेल्या होत्या, बाकी दात खणखणीत. सगळे बेअरिंग, सील आणि रिंगा नव्या टाकल्या, जुनं एकही बेअरिंग ठेवलं नाही. दातांपेक्षा बेअरिंगचा आग्रह धरा, कारण हेलिकल (तिरप्या दातांचे) गिअर जोरात आले की दोन्ही शाफ्ट एकमेकांपासून लांब ढकलतात, बेअरिंगमध्ये प्ले (ढिलेपणा) असला की शाफ्ट सरकतात, दात टोकाला टेकतात आणि मग टोकच तुटतं. मोठे बॉक्स मजबूत असतात ते याच कारणाने, दोन शाफ्टमधलं अंतर जास्त, गिअर मोठे, केसिंग कमी वाकतं.

बसवायचं काम एका शहरातल्या गॅरेजला दिलं होतं, नाव घेत नाही. गाडी घेऊन आलो आणि जाम चौकापर्यंतच घुर्रर आवाज. न्यूट्रलमध्ये क्लच न दाबता आवाज येत असेल आणि दाबल्यावर जात असेल तर इनपुट किंवा खालच्या शाफ्टचं बेअरिंग. उलट दाबल्यावरच येत असेल तर क्लचचं रिलीज बेअरिंग. आणि गिअरमध्ये ठेवून, क्लच दाबून, गाडी उभी असताना येत असेल तर पायलट बेअरिंगवर, म्हणजे क्रँकच्या टोकात बसतं त्यावर, संशय. माझा तिसरा प्रकार. आमच्या गावाकडच्या मिस्त्रीनं दोन मिनिटं कान लावला आणि म्हणे, "भाऊ, क्रँकमधलं बेअरिंग जुनंच ठोकून देल्लं त्यायनं, खोला लागते." खोललं, खरंच जुनं, कोरडं ठणठणीत. नवं टाकलं, आवाज गेला तो आजपर्यंत आला नाही. बॉक्स जुन्यापेक्षा लांब असल्यामुळे मागचा शाफ्ट कापून बॅलन्स करावा लागला आणि खालचा क्रॉस मेंबर सरकवला, लांब चॅसिस असल्याने शाफ्टचा कोन फार बिघडला नाही. शॉर्ट चॅसिसवाल्यांनी हे आधी मोजून घ्या. गिअरचा दांडा थोडा मागे आला, मला बरंच वाटतं.

आता क्लच. यात मी हट्टाने पक (प्लेटवर सिरॅमिकचे ठोकळे असलेला प्रकार) लावला नाही. सिरॅमिक पकवाला क्लच पकडतो भारी पण एकदम पकडतो, वर्ध्याच्या बाजारात गाडी हलवून दाखवा त्याने. साधी ऑर्गॅनिक प्लेट आणि थोडी जड प्रेशर प्लेट, इंजिनाच्या टॉर्कपेक्षा थोडंसंच जास्त धरेल अशी. क्लच हा फ्यूज आहे समजा, झटका जास्त झाला तर तो आधी घसरला पाहिजे, तो घसरला नाही तर झटका दातांवर जातो. स्कॉर्पिओच्या बॉक्सकडून साडेतीनशे एनएम काढून घेण्याचं अर्धं गुपित हेच आहे. बाकीचं अर्धं पायात. पाचव्यात दीड हजार आरपीएमला पूर्ण ॲक्सिलरेटर दाबायचा नाही. चौथा डायरेक्ट असतो, त्यात जोर सरळ शाफ्टमधून जातो, खालच्या शाफ्टच्या दातांवर जवळजवळ काहीच येत नाही, म्हणून ट्रेलर ओढताना किंवा लांब चढाला चौथा. पाचवा नुसता पळायला.

पावसाळ्यात खरी परीक्षा झाली. आमची पांदण तुम्हाला माहीतच असेल कशी असते, काळी माती, एकदा ओली झाली की चाक जागेवर भिंगरी. लोकांना वाटते चिखलात बॉक्सवर लोड येतो, तसं नाही, चाक नुसतं फिरतं तोवर बॉक्स आरामात असतो. चाक जोरात फिरत असताना एखाद्या दगडाला पकडतं ना, तो क्षण मारतो. जुन्या बॉक्सचाही जीव तशाच झटक्यांनी हळूहळू गेला असणार. म्हणून चाक फिरायला लागलं की मी पाय काढतो, दुसऱ्यात हळू, खाली तुराट्या टाकायच्या आणि निघायचं. पोरगा म्हणते बाबा घाबरते. म्हणू द्या.

हिवाळ्यात संत्र्याच्या कामाने परतवाड्याकडे जाणं झालं, तिथून चिखलदऱ्याचा घाट चढलो, गाडीत सहा माणसं. दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा, एकदाही गिअर बाहेर आला नाही. समृद्धीवर मात्र मजा, जुन्या बॉक्सला शंभरच्या स्पीडला इंजिन 3100 च्या आसपास ओरडायचं, आता पाचव्यात अडीच हजार. शेजारी बसलेल्याशी बोलता येते ही जीपमध्ये किती मोठी गोष्ट आहे ते जीपवाल्यालाच समजेल. डिझेलही कमी लागतंय, पण मी मायलेज मोजत बसत नाही.

तेलाचं लक्षात ठेवा. पितळी सिंक्रोच्या बॉक्सला जीएल-4 दर्जाचंच गिअर तेल टाका. दुकानदार जीएल-5 देईल, म्हणेल हे वरचं आहे, वरचं वगैरे काही नाही, ते मागच्या क्राउन-पिनियनसाठी असतं. त्यातला गंधकाचा मसाला पितळाला लागतो आणि तेल इतकं निसरडं की रिंगेला गिअरचा वेग पकडताच येत नाही, मग कर्र करून गिअर पडतो. मी 75डब्ल्यू-90 जीएल-4 वापरतो. जानेवारीत पहाटे दुसरा गिअर पहिला किलोमीटर-दोन किलोमीटर जड जातो, तो तेल गरम होईपर्यंत, त्यात घाबरण्यासारखं नाही, जोर करू नका, एकदा न्यूट्रलला थांबून टाका. उन्हाळ्यात 46 डिग्रीत नागपूरला जाऊन आलो, दांडा हाताला चटका देईल इतका तापला होता, पण गिअर लोण्यासारखे. नव्या बेअरिंगनंतरचं पहिलं तेल लवकरच काढलं, प्लगवर थोडी लापशी होती, आता उन्हाळ्याच्या शेवटी पुन्हा काढलं तर जवळजवळ स्वच्छ.

तक्रारी आहेत. जास्त प्रेशरच्या प्लेटमुळे डावा पाय दुखतो, ट्रॅफिकमध्ये जास्तच. तिसऱ्यात दोन हजाराच्या खाली बारीक खडखड येते, सॉलिड फ्लायव्हीलमुळे आहे, इंजिनाचे झटके आता थेट बॉक्समध्ये येतात. ड्युअल मास (झटके शोषणारं दोन भागांचं फ्लायव्हील) टाकलं तर जाईल, पण त्याची किंमत आणि आमचं ओबडधोबड वापरणं पाहता मी तो आवाज ऐकून घेतो. टॉर्क अजून वाढवायचा म्हणणाऱ्यांसाठी, चारशेच्या आसपास जायचं असेल तर हा बॉक्स नका घेऊ, तिथे फॉर्च्युनरचाही अपुरा, स्टॉर्मच्या सहा गिअरवाल्याकडे जा आणि अडॅप्टर प्लेट चांगल्या सीएनसीवाल्याकडून करून घ्या, खराद्यावर नाही.

खर्च बॉक्स, बेअरिंग, रिंगा, क्लच, शाफ्ट, दोनदा खोलणं धरून पन्नास हजाराच्या आतबाहेर गेला. यंदा तूर निघाली की मागचे क्रॉस बदलायचे आहेत, त्यांना आता थोडा प्ले आलाय आणि रिव्हर्स टाकला की टक् वाजतं.