सिंहपुच्छ माकड पाहायला जायचंय: शरावती की वालपराई?

कोकणात माकड म्हटलं की आठवतात ती शहाळी तोडून खाली टाकणारी नि आंब्याच्या बागेत धुडगूस घालणारी टोळकी. त्यामुळे माकडं बघायला रजा टाकून परराज्यात जायचं म्हटल्यावर घरात काय ऐकावं लागतं, ते मला ठाऊक आहे. तरीही जा. सिंहपुच्छ माकड ना महाराष्ट्रात आहे, ना गोव्यात. कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूतल्या सह्याद्रीच्या सदाहरित रानांबाहेर ते जगात कुठेच रानात आढळत नाही, आणि उरलेली सगळी मिळून चार हजारांच्या आतच असावीत असा अंदाज आहे.

आपल्याकडून जाणाऱ्यांपुढे माझ्या मते दोनच सोयीचे पर्याय उरतात. एक कर्नाटकातलं शरावतीचं खोरं, दुसरं तमिळनाडूतल्या अण्णामलै डोंगरावरचं वालपराई. मी दोन्हीकडे जाऊन आलो, आधी वालपराईला आणि दोन वर्षांनी शरावतीला.

प्रवासाचं थोडक्यात सांगतो. शरावती म्हणजे आपल्या कोकण रेल्वेवरचं होन्नावर. मडगावला गाडी बदलायची, नाहीतर स्वतःच्या गाडीने सावंतवाडीहून सकाळी निघायचं नि कारवार मागे टाकायचं. पुढे होन्नावरहून जोगला जाणाऱ्या रस्त्यावर गेरसोप्पा ओलांडलं की मालेमने घाट लागतो. वालपराईला जायचं तर कोइमतूरपर्यंत रेल्वे, तिथून पोल्लाची आणि आळियार धरणापासून चाळीस वळणांचा घाट. गाडी लागणारं कुणी बरोबर असेल तर आधीच विचार करा.

आता मुख्य गोष्ट. माकडं नक्की दिसायला हवी असतील तर वालपराईला तोड नाही. गावाच्या अलीकडे पुदुत्तोट्टम म्हणून रानाचा एक तुकडा आहे, जेमतेम ९२ हेक्टरांचा. चारी बाजूंनी चहाकॉफीचे मळे आणि मधून डांबरी रस्ता. त्या तुकड्यात कळपच्या कळप अडकून राहिले आहेत. रस्ता ओलांडताना गाडीखाली येऊ नयेत म्हणून तिथे झाडाझाडांमध्ये टांगते पूल बांधलेत, रस्त्यावर राखणदारही असतात. आम्ही सकाळी साडेसातला पोचलो आणि पंधरा मिनिटांत समोर वीस-बावीस माकडं. पिल्लाला पोटाशी धरून बसलेली मादी माझ्यापासून इतकी जवळ होती की पिल्लाला अजून आयाळ फुटली नव्हती, हे दुर्बिणीशिवाय दिसलं. घाटात वरई आडूही, म्हणजे कड्यांवर राहणारे निलगिरी ताहर हे रानबकरे, दिसले, तेही आपल्याकडे नसतात. निलगिरी वानर दिसले, धनेश दिसला. सहलीचे पैसे वसूल झाले म्हणतात ना, तसंच.

आणि तरीही मी परत आलो तो मनात एक टोचणी घेऊन. रस्त्याच्या कडेच्या कठड्यावर एक मोठा नर बसला होता. पांढरीशुभ्र आयाळ, काळं चकचकीत तोंड. एक गाडी थांबली, काच खाली झाली आणि वेफर्सचं पाकीट बाहेर पडलं. त्याने ते दोन्ही हातांनी उचललं, दातांनी कोपरा फाडला, आतले वेफर्स संपवले. मग पाकीट उलटं करून आतला मसाला चाटला. ओठांच्या कडेला नारिंगी तिखट लागलं होतं. राखणदार धावत येईपर्यंत गाडी वळणापलीकडे गेली होती. तासाभरात असं तीनदा झालं. राखणदार तरी किती गाड्यांमागे धावणार?

सिंहपुच्छ हा झाडांच्या शेंड्यांवर जगणारा प्राणी. उंबरं, रानफणस, किडे, गोगलगायी खाणारा, जमिनीवर क्वचितच उतरणारा. त्याला रस्त्यावर पाकीट चाटताना पाहिलं आणि इतक्या लांब येऊन आपण नक्की काय पाहिलं, हे मला कळेना. दोष माकडांचा नाही, तिथे काम करणाऱ्यांचा तर मुळीच नाही; रान एवढंसं उरलं, त्याला ती माकडं काय करणार. पण ते नारिंगी ओठ माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाहीत, आणि माझ्यासाठी पारडं तिथेच झुकलं.

शरावतीला गोष्ट उलटी. इथलं रान सलग आहे. या माकडांची ही सगळ्यांत उत्तरेकडची वस्ती, आणि त्यांच्या नावानेच २०१९ साली इथे ९३० चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. मालेमने घाटात रस्त्यावरही ती कधीकधी दिसतात आणि तिथेही खाणं टाकणारे महाभाग आहेतच, खोटं कशाला सांगू. पण रस्ता सोडून खोऱ्यातल्या एखाद्या घरी उतरलात, तर चित्र बदलतं. आम्ही एका हव्यक ब्राह्मण कुटुंबाच्या सुपारीच्या बागेत राहिलो. आमची मालवणी आणि त्यांना येणारी कोकणी यांत सगळं भागलं.

पहिल्या दिवशी काहीही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा नराची घुमणारी हाक दूरवरून आली, बस. तिसऱ्या दिवशी पहाटे यजमान आजोबांनी बागेच्या कडेला एका वडासारख्या झाडाखाली उभं केलं आणि म्हणाले, ‘‘सिंगळीक येतलो, बोलू नका.’’ तिकडे या माकडाला सिंगळीक म्हणतात. अर्धा तास गेला. मग पानांवर टप्‌ टप्‌ आवाज सुरू झाला. एकेक फळ अर्धवट खाऊन खाली पडत होतं. वर पाहिलं तर काळोख, आणि त्या काळोखातून लोंबणारी गोंड्याची शेपटी. मग दुसरी. पंधरा-सोळा असावीत. वीसेक मिनिटं खात होती. आम्ही खाली आहोत हे त्यांना कळलं होतं, पण आमच्याकडून त्यांना काहीच नको होतं. फोटो एकही धड आला नाही.

कोकणातल्या माणसाला ते रान परकं वाटत नाही, हा आणखी एक फायदा. जवळच कत्तलेकान आहे, म्हणजे अंधाराचं रान. तिथल्या पाणथळीत रानजायफळाची झाडं गुडघ्यासारखी मुळं वर काढून उभी असतात. आपल्या दोडामार्गात हेवाळे-बांबर्ड्याला तशीच राई आहे. तिथलं उप्पगे हे आपल्या कोकमाचं सख्खं भावंड. त्याची सालं पावसाळ्यात चुलीच्या धुरावर वाळवून विकतात. हीच फळं माकडांनाही लागतात, त्यामुळे माणसांनी किती काढायची आणि त्यांना किती ठेवायची, हा प्रश्न तिथल्या घराघरात आहे. याच खोऱ्यात २००० मेगावॅटचा पंप्ड स्टोरेज, म्हणजे पाणी वर चढवून पुन्हा खाली सोडून वीज करायचा प्रकल्प आणायचं चाललंय, त्याला तिथल्या लोकांचा मोठा विरोध आहे. हे सगळं आजोबांकडून ऐकताना मला आपल्याच गावात बसल्यासारखं वाटत होतं.

एक इशारा मात्र गंभीरपणे घ्या. माकडताप काय असतो, हे बांदा-दोडामार्गच्या माणसाला सांगायला नको. हा रोग १९५७ साली पहिल्यांदा आढळला तो शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात, म्हणजे याच मुलखात. तो गोचिडीतून येतो आणि डिसेंबर-जानेवारीपासून मेपर्यंत जोर धरतो. म्हणून मी दिवाळीच्या आसपास जायला सांगेन. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पालापाचोळ्यात बसू नका, संध्याकाळी अंग नीट तपासा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला कळवा. परवानगीशिवाय अभयारण्यात शिरू नका. त्याची गरजही पडत नाही.

बरोबर लहान मुलं असतील, वयस्कर आईवडील असतील किंवा हातात मोठी लेन्स असेल, तर वालपराईला जा, अगदी निःशंक मनाने. तीन दिवस थांबून काहीच न दिसण्याची शक्यता सगळ्यांना परवडत नाही, आणि आमचं नशीब चांगलं होतं असंही असेल. पण मला पुन्हा जायचं झालं तर मी होन्नावरलाच उतरेन. निदान तीन रात्री हाताशी ठेवा आणि माणशी एक दुर्बीण न्या. माझी बहीण तिची विसरली होती, त्यामुळे त्या वीस मिनिटांतला अर्धा वेळ माझी तिच्याच डोळ्यांना होती, आणि मी नुसता फळं पडल्याचा आवाज ऐकत उभा होतो.