राखायचा कोण: मिलर की जॉइस?

फेब्रुवारी संपत आला की आमच्या ऑफिसच्या बेसबॉल फँटसी लीगमध्ये, म्हणजे खऱ्या खेळाडूंच्या कामगिरीवर गुण मिळणाऱ्या खेळात, एकच खल चालतो. संघातला एकच रिलीव्हर, म्हणजे सामन्याच्या शेवटाकडे उतरणारा राखीव गोलंदाज, पुढच्या मोसमासाठी राखता येतो, बाकीचे परत लिलावात जातात. यंदा दुसऱ्या, पण अशाच लीगमधल्या एका मित्राकडे मेसन मिलर आणि बेन जॉइस दोघेही आहेत, आणि मी हीच निवड २०२५च्या मोसमाआधी केली होती म्हणून तो माझ्याकडे आला. त्याला चहाच्या दोन कपांत जे सांगितलं ते इथे जरा नीट मांडतो.

आधी कबुली. मी फ्रीमाँटला राहतो, त्यामुळे शेजारच्या ओकलंडकडून खेळलेल्या मिलरकडे थोडा झुकलेला असणार. त्याला ओकलंडच्या कोलिझियम मैदानात डोळ्यांसमोर टाकताना पाहिलंय, जॉइसला फक्त टीव्हीवर. माझं मत ऐकताना तेवढी सूट धरा.

वरवर पाहिलं तर दोघं एकाच साच्यातले. दोघेही ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या, तिसऱ्या फेरीतले, मिलर २०२१चा आणि जॉइस २०२२चा. दोघांचाही फास्टबॉल ताशी शंभर मैलांच्या खाली क्वचितच उतरतो. निव्वळ वेगात मात्र जॉइस वरचढ, यात वाद नाही. ३ सप्टेंबर २०२४ला डॉजर्सच्या टॉमी एडमनला त्याने ज्या चेंडूवर बाद केलं तो १०५.५ मैलांचा होता, म्हणजे जवळजवळ १७० किलोमीटर. शोएबच्या १६१.३वर आपण किती वर्षं गप्पा मारल्या! शिवाय इथे चेंडूला टप्पा पडून वेग कमी होण्याची भानगडच नाही.

आता माझं दुखणं. काही वर्षांपूर्वी मी असाच एक वेगवान गडी राखला होता. नाव घेत नाही, बिचाऱ्याचा दोष नव्हता. तो टाकायला आला की मैदानातले लोक फलंदाजाकडे बघायचे नाहीत, वेग दाखवणाऱ्या फलकाकडे बघायचे. १०१ आला की ओरडायचे. मीही ओरडायचो. दोन स्ट्राइक पटकन पडायच्या, तिसरीला फलंदाज बाद, आणि मग सुरू व्हायचं फाऊल, म्हणजे रेषेबाहेर जाणारा फटका, जो तिसरी स्ट्राइक धरत नाहीत. चेंडू बॅटीच्या कडेला लागून मागच्या जाळीवर. पुढचा प्रेक्षकांत. त्याच्या पुढचा पुन्हा जाळीवर. फलंदाज जेमतेम स्पर्श करायचा, पण करायचा. मग एखादा वॉक, म्हणजे चार चुकीच्या चेंडूंनंतर फलंदाजाला फुकटचा बेस, मग पुढच्या फलंदाजाचं तेच. सामना जिंकायचा, सेव्हही (शेवटी आघाडी टिकवल्याचं श्रेय) मिळायचा, पण एका डावाला, म्हणजे तिघांना बाद करायला, तीस-तीस चेंडू. मग दुसऱ्या दिवशी संघाला गरज असली तरी मॅनेजर त्याला बुलपेनमधून, म्हणजे राखीव गोलंदाजांच्या जागेतून, उठवायचा नाही आणि माझ्या खात्यात शून्य. त्या मोसमात मी हरलो तो धावांमुळे नाही, या फाऊलांमुळे. तेव्हापासून रिलीव्हर निवडताना मी वेग दुसऱ्यांदा बघतो. पहिल्यांदा बघतो ते हे, की दोन स्ट्राइकनंतर बॅट हवेत फिरते का.

कारण सरळ आहे. मोठ्या लीगमधला फलंदाज १०३लाही सरावतो. बोलिंग मशीनसारखं एकदा मोजमाप बसलं की तो हात आधी सोडतो. त्याला चुकवायला दुसरा चेंडू लागतो, जो हातातून फास्टबॉलसारखाच निघतो आणि उशिरा, हळू, खाली जातो. मिलरचा स्लायडर तसा आहे, फास्टबॉलपेक्षा बारा-चौदा मैलांनी हळू. फलंदाज १०२च्या भीतीने बॅट फिरवून मोकळा होतो आणि चेंडू मागाहून येतो. कोलिझियममध्ये माझ्या शेजारी बसलेली माझी मुलगी, जिला बेसबॉलमधलं ओ का ठो कळत नाही, ती एकदा हसायलाच लागली. माझ्यासाठी ते मोजमाप पुरेसं होतं.

पण आकडेही बघा. २०२४मध्ये मिलरने ६५ डावांत १०४ स्ट्राइकआउट घेतले, म्हणजे तितक्यांना तीन स्ट्राइकवर बाद केलं. जॉइसने ३४ आणि दोन-तृतीयांश डावांत ३३. एवढा वेग असून डावाला एकही पूर्ण भरत नाही! आता जॉइसवर अन्याय नको: त्याचा ईआरए (नऊ डावांमागे दिलेल्या धावा, कमी तेवढा चांगला) २.०८ होता, मिलरचा २.४९. फलंदाज त्याचे चेंडू जमिनीवरच मारतात आणि खऱ्या संघाला ते चालतं, उलट आवडतं. पण जमिनीवरचा चेंडू उचलायला चांगला शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, लागतो, आणि आमच्या लीगमध्ये गुण स्ट्राइकआउटचे असतात.

दुखापतीचा मुद्दा लोक सगळ्यात आधी काढतात. मी तो मागे ठेवला, कारण त्यात कोणीच साव नाही. मिलरचं कोपर २०२३मध्ये दुखावलं आणि तो काही महिने बाहेर होता. २०२४मध्ये तर पठ्ठ्याने टेबलावर हात आपटून डाव्या हाताचं हाड मोडून घेतलं. टाकायचा हात उजवा, एवढंच नशीब. जॉइसची कॉलेजच्या दिवसांतच कोपराची टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली होती आणि २०२५मध्ये पाच सामन्यांनंतर खांद्याची झाली. मी आधीच मिलर घेतला होता म्हणून शहाणा ठरलो, पण ते श्रेय माझं नाही. या जातीचा कुठलाही गडी उद्या मोडू शकतो. डेट्रॉइटचा जोएल झुमाया २००६मध्ये सगळ्यांच्या तोंडी होता. २०१०मध्ये मिनेसोटात चेंडू टाकतानाच त्याचं कोपर मोडलं, आणि मोठ्या लीगमध्ये तो पुन्हा दिसला नाही. दुसऱ्या टोकाला अरोल्डिस चॅपमन. २०१०मध्ये १०५.८ टाकणारा हा माणूस २०२५मध्ये, सदतिसाव्या वर्षी, बॉस्टनकडून १.१७च्या ईआरएने खेळला, तेही आयुष्यभर वॉक देत आल्यावर एकदाचे वॉक आटोक्यात आणून. त्यामुळे वय आणि वेग एवढ्यावरून कोणाचं भविष्य सांगायला मी धजत नाही.

मिलरच्या विरुद्ध एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जुलै २०२५च्या शेवटी तो सॅन दिएगोच्या संघात गेला, तिथे नववा, म्हणजे शेवटचा, सेव्ह मिळवून देणारा डाव रॉबर्ट सुआरेझकडे होता, आणि माझे सेव्ह आटले. ऑगस्टमध्ये मी रोज सकाळी चरफडत होतो. पण स्ट्राइकआउट येत राहिले. ऑक्टोबरमध्ये शिकागोत कब्ज संघाच्या कार्सन केलीला त्याने १०४.५वर बाद केलं, तेव्हा तक्रार करायला तोंड उरलं नाही. जॉइसला तर नववा डाव कधी नीट मिळालाच नाही. तो मिळेल असं वाटत असतानाच २०२५च्या फेब्रुवारीत त्याच्या संघाने, एंजल्सनी, त्या डावासाठी केन्ली जॅन्सनला आणलं.

मित्राला मी एवढंच म्हटलं की तुझ्या लीगमध्ये स्ट्राइकआउटला गुण नसतील, किंवा तुला फलकाकडे बघायची हौस असेल, तर जॉइसही वाईट नाही. खांदा सावरला तर लिलावाच्या शेवटच्या फेरीत एका डॉलरला मीही घेईन, दुखापतग्रस्तांच्या बाकावर ठेवायला. मित्र अजून विचार करतोय. दोघांचे वेगाचे व्हिडिओ मात्र त्याने मला चार वेळा पाठवलेत, चारही जॉइसचे.