मोजे, लेझर की ऑपरेशन? पायांच्या फुगलेल्या शिरांसाठी काय निवडावं

माझ्या आईने वीस वर्षं पोळी-भाजी केंद्रात उभं राहून पोळ्या लाटल्या. पोटरीवरच्या निळ्या-हिरव्या गाठी तिने अंगावर काढल्या. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट पडून खाज सुटली, तेव्हा कुठे आम्ही दवाखाना गाठला. तिथून पुढे प्रत्येक जण वेगळं सांगू लागला, म्हणून हे लिहितेय.

आधी डॉपलर, म्हणजे शिरांतलं रक्त कुठे वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी करून घ्या, आणि तीही उभं राहून. पायातलं रक्त वर ढकलतात ते पोटरीचे स्नायू, आणि ते परत खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात. आईची तपासणी करताना डॉक्टरांनी पोटरी दाबून सोडली आणि पडद्यावरचा निळा रंग लाल झाला, म्हणजे रक्त उलटं वाहू लागलं, आणि तो बराच वेळ लालच राहिला. रक्त अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ उलटं वाहिलं, तर झडप गळते असं धरतात. जांघेपासून घोट्यापर्यंत जाणारी मुख्य शीर गळतेय की नुसत्या वरवरच्या शिरा फुगल्यात, यावर पुढचं सगळं ठरतं. गाठी किती मोठ्या दिसतात, यावर नाही.

दाबाचे मोजे सगळ्यांत स्वस्त. साधारण २३ ते ३२ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाचे, माप घेऊनच आणायचे. सकाळी पलंगावरून पाय खाली टाकण्याआधी चढवायचे. आम्ही पावडर लावून, पायाच्या बोटांवर प्लॅस्टिकची पिशवी सरकवून चढवायचो. ठणका आणि सूज खरंच उतरते. पण झडप दुरुस्त होत नाही, मोजे काढले की पाय पुन्हा जड. उन्हाळ्यात चुलीपुढे ते घालून उभं राहणं किती अवघड, हे मी रोज पाहिलंय. गरोदरपणात मात्र मोजेच योग्य, कारण बाळंतपणानंतर शिरा बऱ्याचदा आपोआप ओसरतात. मधुमेह असेल किंवा सिगारेट ओढत असाल, तर पावलाची नाडी तपासल्याशिवाय मोजे घालू नका. धमन्यांतून रक्त कमी येत असेल तर तोच दाब घातक ठरतो.

मुख्य शीर गळत असेल, तर माझं मत लेझर किंवा रेडिओफ्रीक्वेन्सीच्या बाजूने आहे. या दोघांत फार अडकू नका, डॉक्टरांचा हात ज्यात बसलाय ते घ्या. दोन्हींत सुईएवढ्या छिद्रातून तार आत जाते, शिरेभोवती भुलीचं पाणी भरतात आणि शीर आतून भाजून बंद करतात. रेडिओफ्रीक्वेन्सीत १२० अंश उष्णता, एकेका टप्प्याला २० सेकंद. त्याच दिवशी चालत घरी. काही दिवस काळंनिळं होतं, क्वचित बधिरपणा राहतो, आणि फार क्वचित आतल्या शिरेत गुठळी होते.

जांघेत चिरा देऊन शीर ओढून काढायचं जुनं ऑपरेशन टाकाऊ नाही, फक्त सावरायला जास्त दिवस लागतात. फोमच्या, म्हणजे फेसाळ औषध टोचून शीर बंद करण्याच्या इंजेक्शनबाबत मात्र सावध राहा. ब्रिटनमध्ये ७९८ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले, त्यात लेझर आणि ऑपरेशन दोन्ही फोमपेक्षा सरस ठरले. वेड्यावाकड्या किंवा पुन्हा उगवलेल्या छोट्या शिरांना फोम चांगला. मुख्य शिरेसाठी केवळ स्वस्त म्हणून तो घेऊ नका. ग्लूने शीर चिकटवताना भुलीच्या पाण्याच्या सुया टळतात, पण ते द्रव्य अंगात राहतं आणि काहींना त्याची ॲलर्जी येते.

या शिरांमुळे पायावर जखम झाली असेल तर थांबू नका. २०१८ च्या एका ब्रिटिश अभ्यासात दाबाच्या पट्ट्यांच्या जोडीला लवकर शीर बंद केलेल्यांची जखम ५६ दिवसांत भरली, उशिरा केलेल्यांना ८२ दिवस लागले. हे मध्यक आकडे आहेत, म्हणजे निम्म्या रुग्णांची जखम तेवढ्या दिवसांत भरली. काळपट कातडी ही जखमेची आधीची पायरी, म्हणून आम्ही आईचं लेझर पुढे ढकललं नाही. विमा असेल तर पॉलिसी आधी वाचा. अनेक पॉलिसींत या आजाराला दोन वर्षं थांबावं लागतं.

गाठ फुटून रक्त आलं, तर आडवं व्हा, पाय उंच धरा आणि घट्ट दाबून ठेवा. आणि एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर यातलं काहीच निवडत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.