पावसाळी अरुणाचलात 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर आणि पंक्चर किट: पाच महिन्यांच्या वापरानंतर

वापर जून ते ऑक्टोबर. रस्ते तीन: रोइंग ते अनिनी, तेझू ते वालाँग-किबिथू, आणि तेजपूर ते तवांग. गाडीत एकच माणूस. टायर ट्यूबलेस, 215/65 आर 16, थंड असताना हवा 33 पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक). कॉम्प्रेसर एका पिस्टनचा, धातूच्या सिलिंडरचा, 10 अँपिअर ओढणारा. याच बांधणीचे कॉम्प्रेसर बऱ्याच नावांनी विकले जातात, त्यामुळे इथे नावापेक्षा बांधणीबद्दल लिहिलं आहे.

हे सामान या भागात चैनीचं नाही. रोइंगहून अनिनी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, वाटेत 2,655 मीटर उंचीची मायोदिया खिंड, पुढे हुनली आणि एटालिन. दरड हटवून बुलडोझर निघून गेला तरी दगडाच्या धारदार कपच्या रस्त्यात राहतात. त्यात ओलं रबर कोरड्यापेक्षा लवकर कापलं जातं, कारण पाणी वंगणासारखं काम करतं. ताम्हिणी किंवा आंबोलीत थोडं पुढे गेलं की पंक्चरवाला सापडतो. इथे तो नाहीच असं धरून निघावं, आणि मोबाइलला रेंजही नाही असंच धरावं.

आधी कॉम्प्रेसर. 20 वरून 33 पीएसआयवर यायला आसामच्या सपाटीवर साधारण चार मिनिटं लागतात, मायोदियावर साडेपाच, तवांगच्या वाटेवरच्या सेला खिंडीजवळ सात. यंत्र बिघडलेलं नसतं. हवा विरळ असल्यामुळे पिस्टनच्या प्रत्येक फेरीत कमी हवा आत येते. या यंत्राला सलग दहा मिनिटांपेक्षा जास्त चालवू नये, मग तेवढाच वेळ थंड होऊ द्यावं. नळी जिथे सिलिंडरला जोडलेली असते तो पितळी भाग हात भाजेल इतका तापतो. इंजिन चालू ठेवूनच हवा भरावी. लायटर सॉकेटचा फ्यूज बहुतेक गाड्यांत 15 किंवा 20 अँपिअरचा असतो, तो या यंत्राला पुरतो. 25-30 अँपिअर ओढणारा मोठा कॉम्प्रेसर मात्र थेट बॅटरीला चिमट्यांनीच जोडायचा. सॉकेटमध्ये लावला की फ्यूज उडालाच.

कॉम्प्रेसरवरचा दाब दाखवणारा काटा यंत्र चालू असताना दोन-तीन पीएसआय जास्त दाखवतो. यंत्र बंद करून, वेगळ्या पेन-गेजने मोजावं. घाटात आणखी एक फसगत होते. तेजपूरला 30 अंशांत 33 भरलेला टायर 4,170 मीटरवर, सेला खिंडीत, 5 अंश तापमानाला सुमारे 35 दाखवतो. बाहेरचा दाब जवळपास 6 पीएसआयने उतरलेला असतो म्हणून काटा वर जातो, आणि थंडी त्यातला बराचसा भाग खाली ओढते. या वाढलेल्या दोन पीएसआयसाठी हवा सोडू नका. खाली उतरल्यावर तोच टायर कमी हवेवर धावेल, आणि कमी हवेच्या टायरची बाजू दगडावर आधी फाटते.

आता किट. रीमर (भोक घासून मोकळं करणारा खरखरीत दांडा) आणि सुईच्या मुठी इंग्रजी टी आकाराच्या, धातूच्याच घ्याव्यात. पहिल्या किटची प्लास्टिकची मूठ जाड टायरवर जोर लावताना दांड्यापासून निखळली. क्रम असा: हँडब्रेक, गिअर, समोरच्या चाकाला दोन्हीकडून दगड. खिळा दिसला की लगेच उपटू नये. आधी स्ट्रिप (भोक बुजवणारी चिकट रबरी पट्टी) सुईत ओवून, दोन्ही टोकं सारखी ठेवून तयार ठेवावी. खिळा कोणत्या कोनात गेला आहे ते बघून तो उपटावा आणि रीमर त्याच कोनात पंधरा-वीस वेळा आत-बाहेर करावा. कोन चुकला तर आतल्या तारांमध्ये दुसरंच भोक पडतं. भोकाच्या तोंडचं पाणी फडक्याने टिपून रबर सोल्यूशन लावावं. स्ट्रिप ढकलताना दीडेक सेंटीमीटर बाहेर राहू द्यावी आणि सुई न पिळता एका झटक्यात सरळ ओढावी. शेपटं तीन-चार मिलिमीटर ठेवून कापावं. हवा भरून साबणाचं पाणी ओतावं. भर पावसात बुडबुडे ओळखू येत नाहीत, म्हणून वर छत्री धरावी. बुडबुडे आलेच तर शेजारी दुसरी स्ट्रिप. परतल्यावर टायर उतरवून आतून मशरूम पॅच (भोकात बसणारा देठ असलेला पॅच) मारून घ्यावा. स्ट्रिप हा कायमचा इलाज नाही.

पाच महिन्यांत सर्वांत वाईट अवस्था सोल्यूशनची झाली. ट्यूब एकदा उघडली की टोपण कितीही घट्ट लावा, महिन्याभरात ती वाळते. एका मोठ्या ट्यूबऐवजी छोट्या तीन न्याव्यात. स्ट्रिपा सुट्या ठेवल्या तर चिकटपणा जातो. झिप पिशवीत, उन्हापासून लांब ठेवलेल्या ऑक्टोबरपर्यंत चांगल्या राहिल्या. नळीच्या टोकातला रबरी वॉशर चौथ्या महिन्यात चिरला आणि वॉल्ववरून हवा सुटू लागली. दोन जादा वॉशर डब्यात असू द्यावेत. नळीचं टोक आट्यांचं असेल तर सोडवताना थोडी हवा जाते, म्हणून एक पीएसआय जास्त भरून घ्यावा.

आणि मर्यादा स्पष्ट सांगतो. टायरच्या बाजूला चीर पडली, किंवा भोक 6 मिलिमीटरपेक्षा मोठं असेल, तर या किटचा काही उपयोग नाही. तिथे स्टेपनीच हवी, तीही पूर्ण आकाराची. अनिनीच्या वाटेला मी दोन स्टेपन्या सुचवेन. चिखलात जॅक रुततो, त्याखाली 30 बाय 20 सेंटीमीटरची जाड प्लायची फळी ठेवावी. चाक बदलल्यावर 50 किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळावेत.

डोक्याला बांधायचा दिवा याच पिशवीत असावा. अनिनीकडे जूनमध्ये सव्वाचारला उजाडतं, पण ऑक्टोबरच्या मध्यावर पावणेपाचच्या आधीच सूर्य मावळतो, दरीत तर त्याहून लवकर अंधारतं. चारनंतर पंक्चर झालं तर काम दिव्यातच करावं लागतं.